मोरीचा बंदोबस्त

मराठी ललित वाङ्मयात घराचा जवळजवळ प्रत्येक भाग कोणा ना कोणा लेखकाच्या ममत्वाचा विषय झालेला आहे. ओटीवरचा झोपाळा, माजघरातील कोनाडे, देवघरातील निरांजन, परसातील आड, इतकेच काय पण माळ्यावरची अडगळसुद्धा; ह्या सर्वांवर भरभरून लिहिले गेले. मात्र ज्या एका लहानशा चौकोनी जागेवाचून ह्या साऱ्यांचे पावित्र्य दोन प्रहरही टिकणार नाही, त्या मोरीकडे लेखणी क्वचितच वळली. लोकोक्तीने तिची दखल घेतली आहे खरी, परंतु 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा' ह्या म्हणीतही मोरी येते ती क्षुल्लक गोष्टीचे उदाहरण म्हणून. दरवाजा महत्त्वाचा, मोरी यःकश्चित, असा तिचा एकंदर अभिप्राय. ज्या गृहस्थाच्या मोरीला खरोखरीच बोळा बसला आहे आणि ज्याच्याकडे त्याच सायंकाळी सत्यनारायणाच्या प्रसादाला मंडळी यावयाची आहेत, त्याच्या मनात ह्या तारतम्याविषयी रास्त शंका उत्पन्न झाल्यावाचून राहणार नाही.

येणाऱ्या पाण्याचा आपण जेवढा गौरव केला, तेवढी जाणाऱ्या पाण्याची विचारपूस केली नाही, हे इतिहासातही दिसते. मलिक अंबराने औरंगाबादेस नहर आणली, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव भुयारी नळाने पुण्यात खेळवले, अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी विहिरी आणि बारवा बांधविल्या. ही नावे लोकांच्या तोंडी आहेत आणि ती असावीत हे योग्यच आहे. पण तेच पाणी लोकांनी वापरून टाकल्यावर त्याची वाट लावण्याची तजवीज कोणी केली, हे कोणत्याही बखरीत प्रामुख्याने आढळायचे नाही. ह्या उपेक्षेला ठळक अपवाद शोधायचा तर थेट मोहेंजोदडोपर्यंत मागे जावे लागते. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या नगरात प्रत्येक न्हाणीघराची फरशी विटांची असून तिला एका कोपऱ्याकडे ढाळ दिलेला होता, रस्त्याकडेची गटारे विटांनी किंवा दगडांनी झाकलेली होती, झाकणे काढून ती साफ करता येत होती, आणि घरातले पाणी मोठ्या गटारात शिरण्यापूर्वी त्यातील गाळ खाली बसावा म्हणून मध्ये कुंड्या ठेवलेल्या होत्या. गटार तुंबल्यावर काय करावे, ह्यापेक्षा ते तुंबू नये म्हणून आधी काय करावे, हा विचार त्या अनामिक गवंड्यांनी केला होता. आज एखाद्या नव्या कोऱ्या सदनिकेत स्नानगृहाच्या फरशीचा ढाळ मोरीच्या जाळीकडे नसून नेमका दाराकडे आहे असे आढळते, तेव्हा त्या गवंड्यांची आठवण आदराने होते.

जुन्या वाड्यातील मोरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची घडण आठवत असेल. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जमिनीपासून दोन बोटे खोल, वीतभर उंचीचा काठ असलेली दगडी फरसबंदी. कडेला पाण्याचे पितळी पिंप आणि त्यावर उपडा घातलेला तांब्या. जवळच धगधगणारा बंब आणि घंगाळ. आणि भिंतीच्या बुडाशी बाहेर उघडणारे एक भोक. त्या भोकातून पाणी मागच्या उघड्या गटारात पडे, आणि घर कोकणातले असेल तर परसातील अळूच्या, कर्दळीच्या आणि केळीच्या बुंध्याशी जाऊन जिरे. रात्री त्या भोकाला चिंध्यांचा बोळा कोंबावा लागे, कारण घूस, विंचू, प्रसंगी सापही त्याच वाटेने आत येण्याचा संभव असे. म्हणीतला बोळा तो हा.

ती मोरी सहसा तुंबत नसे. ह्याचे श्रेय पूर्वजांच्या अलौकिक बुद्धीला देण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. मला ती मान्य नाही. भोकापासून केळीच्या आळ्यापर्यंतचे अंतर चार पावलांचे, वाट उघडी, आणि अडलेले खरकटे दिसताच ते खराट्याच्या काडीने ढकलता येई, इतके साधे कारण त्याच्या मुळाशी होते. शिवाय भांडी घासली जात ती चुलीतल्या राखेने आणि नारळाच्या काथ्याने; राखेतला क्षार ओशटपणा काही अंशी तोडतो आणि राखेची भुकटी उरलेले तेल स्वतःत शोषून घेते. न्हाण्याला शिकेकाई आणि रिठे असत. तळणीचे पदार्थ सणावारी होत, कारण रोज कढई चढविण्याची ऐपत फार थोड्यांची होती. दारिद्र्य हे मोरीचे मोठे संरक्षक होते असे म्हणणे कठोर वाटेल, पण ते वस्तुस्थितीला धरून आहे.

पुढे घरोघर नळ आले, मजल्यांवर मजले चढले, गिरणगावातील चाळींत दहा बाय बाराच्या खोलीच्या कोपऱ्यात अंघोळ, धुणे आणि भांडी ह्या तिन्ही कार्यांसाठी एकच मोरी बसविली गेली, आणि तिचे पाणी परसात न जाता भिंतीलगतच्या नळ्यांतून जमिनीखाली जाऊ लागले. त्याबरोबर एक नवीन अडचण उद्भवली: ज्या वाटेने पाणी बाहेर जाते, त्याच वाटेने भुयारी गटारातील दुर्गंध आणि विषारी वायू घरात येऊ शकतात. ह्यावरचा इलाज मात्र आधीच सापडलेला होता, आणि तो सुचला होता एका घड्याळजीला. लंडनमध्ये व्यवसाय करणाऱ्या अलेक्झांडर कमिंग ह्या स्कॉटिश गृहस्थाने १७७५ साली शौचकूपाच्या नळीला वाकण देण्याचे पेटंट घेतले. त्या वाकणात थोडे पाणी सदैव साचून राहावे आणि त्या पाण्यानेच वायूला मज्जाव करावा, अशी ती योजना होती. आपल्या न्हाणीघरात जाळीच्या खाली जो 'नहाणी ट्रॅप' असतो आणि स्वयंपाकघरातील सिंकखाली जी वळलेली नळी दिसते, ती ह्याच कल्पनेची वंशज. त्यात उभे असलेले पाच सेंटिमीटरच्या आसपासचे पाणी ही आपल्या घराची आणि शहराच्या गटाराची सीमा होय. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले स्नानगृह उन्हाळाभर बंद राहिले, की हे पाणी आटून जाते आणि मग 'कुठून तरी वास येतो' अशी तक्रार सुरू होते. फिनेल, अगरबत्ती, कापूर सर्व उपाय होतात, पण त्या जाळीत एक तांब्या पाणी ओतावे हे फार उशिरा सुचते.

जे वाकण वायूला अडवते, तेच केसांना आणि शितांनाही अडवते. हा त्याचा दोष मानण्याचे कारण नाही. जे अडायचे ते हाताच्या टप्प्यात अडावे, पुढे भिंतीच्या पोटात जाऊन अडू नये, ही त्यातील सोय आहे. पुढच्या नळीचा कारभार सर्वस्वी ढाळावर आणि वेगावर चालतो. सांडपाणी सेकंदाला सुमारे साठ सेंटिमीटर वेगाने वाहिले तर ते आपल्याबरोबरचा गाळ वाहून नेते. वेग त्याहून कमी झाला की गाळ तळाशी बसू लागतो, आणि एकदा बसलेला गाळ पुढच्या गाळाला थारा देतो.

आता खऱ्या अपराध्याकडे वळू. मोरी तुंबली की घरात बहुधा भाताच्या शितांवर, चहाच्या चोथ्यावर नाही तर मुलींच्या लांब केसांवर आळ येतो. हे सर्व साथीदार आहेत. मुख्य आरोपी स्निग्ध पदार्थ, म्हणजे तेल, तूप, लोणी, साय आणि वनस्पती तूप. कढईतील उरलेले तेल गरम असते तेव्हा ते पाण्यासारखे सुळकन निघून जाते आणि गृहिणीला, किंवा आजकाल गृहस्थालाही, काम फत्ते झाल्याचे समाधान मिळते. वस्तुतः ते चार हात पुढे जाऊन थंड नळीच्या अंगाला चिकटते, आणि दिवा ठेवावयाच्या कोनाड्यावर वर्षानुवर्षे काजळी धरावी तसा त्याचा थर दिसामासांनी चढत जातो. सोबत भरपूर ऊन पाणी ओतले म्हणजे झाले, अशी एक समजूत आहे; ऊन पाण्याने तूप वितळते हे खरे, पण ते नाहीसे होत नाही, फक्त थिजण्याची जागा आणखी पुढे सरकते. त्यातून पाणी बोअरचे, म्हणजे जड असेल, तर त्यातील कॅल्शियम साबणाशी आणि मेदाम्लांशी संयोग पावून पाण्यात न विरघळणारा एक चिकट पांढुरका पदार्थ तयार करते. बादलीच्या आतल्या अंगाला नखाने खरवडता येणारा जो थर असतो, तोच नळीतही असतो. ह्या थरात मग परात धुतलेल्या पाण्यातली कणीक येऊन रुतते, अभ्यंगस्नानाच्या उटण्याचा रवाळ गाळ त्यावर बसतो, केसांचा एखादा गुंता जाळीतून निसटून त्यात आडवा पडतो, आणि त्या गुंत्याच्या जाळ्यात उरलेले सारे आपापल्या क्रमाने अडकते. दिवाळीत चकल्या, कडबोळी, अनारसे, शंकरपाळे झाल्यावर चार-आठ दिवसांनी नळकामाच्या कारागिरांना जी मागणी येते, तिचे कारण शोधायला फार दूर जायला नको.

ह्या अवस्थेला सध्या 'चोकअप' ह्या सुटसुटीत शब्दाने ओळखले जाते. चोकअप झाला की घरातील पुरुष प्रथम रबरी पंप घेऊन पराक्रमाला सिद्ध होतात. तो उपाय निर्दोष आहे. फक्त पंप बसविण्यापूर्वी सिंकमधले वरचे भोक ओल्या फडक्याने बंद करावे लागते, नाही तर सारा जोर त्या वाटेने फुकट जातो. तो साधला नाही की बाजारातील बाटल्या आणि पुड्या येतात. कॉस्टिक सोडा पाण्यात पडताच उष्णता निर्माण करतो आणि चरबीचा साबण करून तिला सोडवितो, पण तो त्वचेची आणि डोळ्यांचीही तीच गत करतो, आणि अल्युमिनियमच्या भांड्याला लागला तर त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. काही जण म्युरिॲटिक ॲसिड ओततात. आपल्याकडच्या बहुसंख्य जुन्या मोऱ्यांना शहाबादी फरशी आहे आणि ती जात्याच चुनखडीची, म्हणजे आम्लाचे भक्ष्य; अडलेले केस जागच्या जागी राहतात आणि फरशीची झिलई व सांध्यांतील सिमेंट मात्र जाते. हेच ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ह्यांचा जो फसफसाट हल्ली कौतुकाने सांगितला जातो, तो पाहायला मनोरंजक आहे. आम्ल आणि क्षार एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते जवळजवळ खारट पाणीच.

आमच्या शेजारी एक काकू राहत असत. त्यांच्या मोरीची जाळी कोणी काढून ठेवली, की त्या घरभर एकच प्रश्न विचारत फिरत: ''जाळी काढली कोणी?'' त्या स्वरात न्यायासनाचे गांभीर्य असे. पाणी लवकर जावे म्हणून जाळी बाजूला सारणे हा त्यांच्या दृष्टीने गंभीर गुन्हा होता, आणि मला आज वाटते की तो तसाच मानला जावा. त्यांचे बाकीचे दंडकही विशेष अवघड नव्हते. ताटातले खरकटे आधी डब्यात निपटायचे. तेलकट कढई जुन्या वर्तमानपत्राच्या कागदाने पुसल्याखेरीज पाण्याखाली धरायची नाही. तळून उरलेले तेल वापरायचे नसेल तर ते डब्यात साठवून गार झाल्यावर कचऱ्यात द्यायचे. चहाचा चोथा गुलाबाच्या कुंडीत. परातीला लागलेली कणीक वाळू देऊन खरवडून काढायची. आणि केस विंचरल्यावर निघालेला गुंता बोटाभोवती गुंडाळून केराच्या टोपलीत टाकायचा, मोरीत कदापि नाही. रात्री सर्व निजानीज झाली की त्या जाळी उचलून तिच्या पालथ्या अंगाचे बुळबुळीत धुऊन काढत. प्लास्टिकच्या नळ्या उकळत्या पाण्याने मऊ पडतात हे त्यांना कोणी सांगितले होते की अनुभवाने समजले होते, न कळे. पण भाताचे वेळणे निवल्याशिवाय त्या सिंकमध्ये ओतू देत नसत. त्यांच्या घरी नळकाम करणारा मनुष्य आलेला मी पाहिला तो नळाची चकती बदलायला.

एकट्या घराचा विषय इथे संपला असता. परंतु आपण आता एकावर एक रचलेल्या घरांत राहतो. चार मजल्यांच्या उभ्या नळीत वरच्या तिन्ही कुटुंबांचे तेल उतरते आणि तळाशी अडथळा झाला की ते पाणी निसर्गनियमाने सर्वांत खालच्या तोंडातून वर येते. ते तोंड तळमजल्यावरच्या गृहस्थाच्या न्हाणीघरात असते. ज्याने कदाचित आयुष्यात मोरीत शीत पडू दिले नाही, त्याच्या फरशीवर तिसऱ्या मजल्यावरच्या पुरणपोळ्यांचा कट अवतीर्ण होतो. मग संस्थेची सभा भरते. वरचे सभासद 'आमच्याकडे तर पाणी व्यवस्थित जाते' अशी साक्ष देतात, आणि ती अक्षरशः सत्य असते. खर्च सामाईक निधीतून करावा की तळमजल्याने सोसावा, ह्यावर कायदेकानूंचा कीस पडतो, निर्णय तहकूब होतो आणि चहा होतो. त्या चहाचा चोथा कुठे जातो हे कोणी पाहत नाही. अपराध आणि शिक्षा ह्यांचे असे स्थलांतर मी अन्यत्र फारसे पाहिलेले नाही.

इमारतीच्या खाली चेंबर, चेंबरच्या पुढे रस्त्याखालची वाहिनी, आणि तिथे साऱ्या शहराच्या कढया एकत्र येतात. लंडनच्या व्हाइटचॅपेल भागाखाली २०१७ साली थिजलेल्या मेदाचा आणि ओल्या पुसण्यांचा मिळून २५० मीटर लांबीचा, १३० टन वजनाचा एक गोळा सापडला. तो फोडून काढायला कित्येक आठवडे लागले आणि त्याचा एक तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात प्रदर्शनार्थ ठेवण्यात आला. आपल्याकडे पर्जन्यजल वाहिन्यांची तुंबलेली अवस्था मुंबईकरांनी २६ जुलै २००५ ला पाहिली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसाला कोणतीही वाहिनी पुरी पडली नसती हे कबूल, पण प्लास्टिकच्या पिशव्यांनी कोंदलेल्या वाहिन्यांनी त्यात आपली भर घातली हेही तितकेच खरे.

लंडनचा तो गोळा काढायला यंत्रे, संरक्षक पोशाख आणि प्राणवायूची व्यवस्था होती. आपल्याकडे चेंबरचे झाकण उघडले की बऱ्याच वेळा आत उतरतो तो लंगोट लावलेला, हाती बांबूची कामटी घेतलेला माणूस. झाकणाखाली कुजणाऱ्या गाळातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास सौम्य प्रमाणात लगेच जाणवतो, पण प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते, वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो, आणि उतरलेला मनुष्य खाली कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. वर्तमानपत्रातील अशा बातम्यांत मृतांची संख्या एकावर क्वचितच थांबते ती ह्यामुळे. हे उतरणारे बहुतांशी दलित असतात. मोरी अमंगळ, तिच्यात हात घालणारा अमंगळ, आणि आपण केवळ तिच्यात ओतणारे म्हणून शुद्ध, ह्या जुन्या हिशेबाची बाकी अजून चुकती झालेली नाही. जुन्या वाड्याच्या मागच्या बोळातून पहाटे कोण येत असे आणि मागचेच दार त्याला का असे, हे आपण जाणतो. अळू-कर्दळीच्या रम्य स्मृतींत ते बसत नाही इतकेच.

ह्या हिशेबाला हात घालणारी माणसेही महाराष्ट्रात झाली. गाडगे महाराज गावात शिरताच खराटा घेऊन रस्ते आणि गटारे झाडू लागत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून खडसावत. अप्पा पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपणांस मिळावे अशी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्याला ते देता येत नाही असा सरकारी दप्तराचा नियम होता, आणि त्यापायी त्यांनी अन्नत्याग केला तेव्हा येरवड्यातून गांधीजींनी १९३२ च्या डिसेंबरात त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण आरंभले. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पांनी सांडपाणी, मैला आणि खत ह्यांचे प्रयोग करण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घातली. एवढा विद्वान मनुष्य ह्या विषयात रमला ह्याचे लोकांना आश्चर्य वाटले. त्यांचे अनुकरण करावेसे मात्र फारसे कोणास वाटले नाही.

आता कायदा स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली पहिला अधिनियम झाला, २०१३ साली अधिक व्यापक अधिनियम आला. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फर्मावले आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. २०१३ च्या अधिनियमाने संरक्षक साधनांवाचून कोणासही भुयारी गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला लावणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि ही मनाई नगरपालिकांइतकीच खाजगी व्यक्तींनाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. 'तो स्वतःच उतरतो म्हणाला' ही सबब संस्थेच्या चिटणीसाने पुढे करू नये. तेव्हा वाचकहो, संस्थेच्या येत्या वार्षिक सभेत दोन ठराव मांडा: चेंबर साफ करायला जेटिंग यंत्र आणि सक्शनची गाडीच बोलवावी, मग खर्च कितीही येवो, आणि वापरलेले तेल गोळा करायला जिन्याखाली एक झाकणाचा डबा ठेवावा. पहिल्या ठरावाला खर्चाच्या नावाने विरोध होईल. तो होऊ लागला की दुसरा ठराव आधी मंजूर करून घ्या, कारण डब्यात जेवढे तेल जमेल तेवढी ती गाडी कमी वेळा बोलवावी लागेल.